जुनी लढाऊ विमानं अगदी जवळून कुठे बघता येतील? (महाराष्ट्र, गोवा आणि आसपास)

ठाणे_स्लो
नमस्कार मंडळी. घरात एक नऊ वर्षांचा विमानवेडा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ रिटायर झालं त्याच्या बातम्या टीव्हीवर बघितल्या आणि तेव्हापासून आमचं डोकं खाणं चालू आहे, बाबा खरं मिग कुठे बघायला मिळेल, हात लावता येईल का, आत बसता येईल का वगैरे. दिल्लीला पालमला हवाई दलाचं म्युझियम आहे एवढं मला माहितीये पण दिल्ली काही लगेच होणार नाही. सुट्टीत पुण्याला बहिणीकडे आणि तिथून गोव्याला असा बेत आहे तर वाटेत किंवा जवळपास काय काय बघता येईल? अट एकच, प्लॅस्टिकची मॉडेलं आणि मॉलमधली सिम्युलेटरं नकोत. खरं, उडलेलं, जमलं तर लढलेलं विमान हवं. गूगलवर शोधलं तर 'टॉप टेन' छाप लेख येतात आणि त्यात फोटो भलत्याच देशातले असतात. तुम्ही स्वतः बघितलेलं सांगा.

पेठेतला_पक्या
पुण्यात येताय ना मग पहिल्यांदा कॅम्पात घोरपडीच्या बाजूला दक्षिण कमांडचं नॅशनल वॉर मेमोरियल गाठा. १५ ऑगस्ट १९९८ ला खुलं झालं, आणि विशेष म्हणजे लोकांच्या वर्गणीतून उभं राहिलंय. (हो, पुणेकरांनी खिशातून पैसे काढले, नोंद घ्यावी.) तिथे मिग-२३ बीएन ठेवलंय, कारगिलच्या वेळी वापरलेलं. शिवाय आयएनएस त्रिशूळ या युद्धनौकेची प्रतिकृती आहे, गोवामुक्तीच्या वेळी अंजदीव बेटावर जी कारवाई झाली त्यात ती होती. म्हणजे तुमच्या पुणे-गोवा ट्रिपला चांगलंच जुळतंय.

दुसरं, प्रभात रोडजवळ एरंडवण्यात कमला नेहरू पार्क. तिथे एचएफ-२४ मारुत आहे. आम्ही लहानपणी त्याच्या आजूबाजूला भेळ खाल्लीये आणि तेव्हा हे काय आहे ते कोणालाही माहीत नव्हतं, सगळे नुसतं 'विमान' म्हणायचे.

लोहगाव एअरपोर्टवर मात्र कॅमेरा काढू नका. तो हवाई दलाचा तळ आहे, फोटोला बंदी आहे, उगाच पोरासमोर शोभा होईल.

धावपट्टी
पक्याशेठ +१. मिग-२३ बघायला जाल तेव्हा पोराला पंखाच्या मुळाशी उभं करा. हे विमान उडता उडता पंख मागे घ्यायचं, १६, ४५ आणि ७२ अंश अशा तीन जागा. टेकऑफ-लँडिंगला पंख पसरलेले आणि वेगात जायचं असलं की मागे दुमडलेले. पंखाचा आतला भाग अंगाला पक्का जोडलेला असतो आणि बाहेरचा भाग त्याच्यातून सरकतो, ती फट नीट दिसते. आता पोटाखाली मागच्या बाजूला बघा, एक पातं आहे. चाकं खाली आली की ते आडवं दुमडलं जातं, नाहीतर जमिनीला घासलं असतं. चाकं वर गेली की परत सरळ. एवढ्या दोन गोष्टी दाखवल्यात तरी अर्धा तास सहज जातो.

बीएन म्हणजे जमिनीवर हल्ला करणारा प्रकार, म्हणून नाकात मोठं रडार नाही आणि नाक खाली उतरतं केलंय, पायलटला खालचं दिसावं म्हणून. ६ मार्च २००९ ला हलवाऱ्याला त्यांचा निरोप झाला.

सुमीची_आई
वा मस्त धागा, वाचनखूण साठवली. एक शंका, ही विमानं बघायला मुलींनाही आवडतात बरं का 😄 आमची सुमी आठवीत आहे आणि तिला एनडीएत जायचंय. मुंबईत आहे का काही? प्रत्येक वेळी पुणे-पुणे काय.

ठाणे_स्लो
सुमीची आई, अगदी मनातलं विचारलंत, ठाण्याहून मुंबई तर एका दिवसात होईल.

लोअरपरळ
मुंबईत वरळीचं नेहरू सायन्स सेंटर. बाहेरच्या बागेत एचएफ-२४ मारुत उभं आहे, म्हणजे पुण्यातल्याचाच भाऊ. शेजारी जुनं वाफेचं इंजिन आणि ट्राम पण आहे. आतलं सायन्स म्युझियम धरून अख्खा दिवस जातो. लोक मारुतच्या सावलीत डबा खातात आणि निघून जातात, त्यांचं काही चुकत नाही म्हणा, कुठे उभे आहोत हे सांगणारं कोणी नसतं.

आणि कुलाब्याला विक्रांत ही विमानवाहू युद्धनौका होती तेव्हा मुंबईकरांना कुठे जायची गरजच नव्हती. २००१ पासून म्युझियम म्हणून होती, डेकवर विमानं-हेलिकॉप्टरं, शाळांच्या सहली जायच्या. २०१२ ला धोकादायक म्हणून बंद केली आणि २०१४ ला भंगारात विकली. पुढे तिच्या लोखंडातून मोटरसायकली निघाल्या, जाहिराती बघितल्या असतीलच. मला अजून त्या जाहिरातीचा राग येतो.

कोकणकडेलोट
विक्रांतचं सोडा हो, दुसरी विमानवाहू नौका विराट, तिचं काय झालं? नोव्हेंबर २०१८ ला राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली होती, आमच्या सिंधुदुर्गात निवतीजवळ समुद्रात विराटचं म्युझियम करायचं, ८५२ कोटींची योजना. आम्ही मालवणात पार्टी केली होती. २०२० ला ती अलंगला तोडायला गेली. आता निवतीला डॉल्फिन दिसतात, तेवढंच.

अनुस्वार
मारुतचा विषय निघालाच आहे तर थोडं लिहितो कारण महाराष्ट्रात दोन-दोन मारुत असून लोकांना त्याची गोष्ट माहीत नसते.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचं फोक-वुल्फ १९० नावाचं गाजलेलं लढाऊ विमान होतं, त्याचा डिझायनर कुर्ट टँक. युद्धानंतर तो आधी अर्जेंटिनात गेला आणि मग ५० च्या दशकात बंगलोरला एचएएल या सरकारी विमान कंपनीत आला. त्याच्या हाताखाली आपल्या इंजिनिअरांनी मारुत केलं. १७ जून १९६१ ला पहिलं उड्डाण, पायलट विंग कमांडर सुरंजन दास. आकार बघा, कसलं देखणं विमान आहे. बारीक कंबर, टोकदार नाक, मागे ओढलेले पंख. त्या आकाराला ध्वनीच्या दुप्पट वेग शोभला असता. पण त्या ताकदीचं इंजिन कधी मिळालंच नाही. ब्रिटिशांचं एक नवीन इंजिन येणार होतं, त्याच्या पुढच्या विकासाचा खर्च कोणी करायचा यावर घोडं अडलं, मग इजिप्तबरोबर त्यांच्या इंजिनाचा प्रयोग झाला, तोही पुढे गेला नाही. शेवटी नॅट या छोट्या लढाऊ विमानाला जे ऑर्फियस इंजिन होतं तसलीच दोन बसवली आणि विमान आयुष्यभर दम लागल्यासारखं उडलं. एकंदर १४७ बनली, त्यातली १८ दोन सीटवाली.

तरीही १९७१ ला राजस्थानच्या आघाडीवर मारुतनी चांगलं काम केलं. पंखांना गोळ्या लागून, एक इंजिन बंद पडूनही परत आलेली आहेत. जमिनीलगत स्थिर उडायचं, पायलटना आवडायचं. म्हणून मला ते फसलेलं विमान म्हणणं पटत नाही, विमान चांगलं होतं, इंजिन मिळालं नाही.

बघताना मागून बघा, दोन नळकांडी शेजारी शेजारी दिसतील. सगळी रड तिथेच आहे.

चहाबिस्कुट
अनुस्वार भारी लिहिलंय. पण या धाग्यावर अजून शिवकर बापूजी तळपदे कसे आले नाहीत? १८९५, गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं म्हणतात ते...

धावपट्टी
चहाबिस्कुट, पाया पडतो, नको. त्यावर शंभर प्रतिसादांचे धागे होऊन गेलेत. इथे ज्याला जाऊन टकटक करून बघता येतं असं विमान पाहिजे.

वास्कोकर
गोव्यात येताय आणि अजून कोणी नेव्हल एव्हिएशन म्युझियमचं नाव नाही घेतलं म्हणजे कमाल झाली. दाबोळी एअरपोर्टवरून बोगमाळो बीचकडे रस्ता जातो त्या रस्त्यावरच आहे. १९९८ ला सुरू झालं. सोमवारी बंद असतं, बाकी दिवशी सकाळी जा, दुपारी उन्हात लोखंड तापतं आणि पोरं करवादतात. आत कॉकपिट कॅफे म्हणून खायची जागा आहे.

एक लक्षात ठेवा, आता मोपाचं नवीन विमानतळ झालंय. तुम्ही मोपाला उतरलात तर पेडण्याहून वास्को म्हणजे गोव्याचं एक टोक ते जवळपास दुसरं. दाबोळीला उतरलात किंवा रेल्वेने वास्को-मडगावला आलात तर सोपं. बरेच जण 'एअरपोर्टच्या शेजारीच आहे' एवढं वाचून मोपाहून टॅक्सी विचारतात आणि मग भाडं ऐकून गप्प होतात.

आणि म्युझियमच्या शेजारी नेव्हीचा चालू तळ आहे, आयएनएस हंसा. नशीब असेल तर जुनी विमानं बघता बघता डोक्यावरून नवीन जातात. आमच्या पोरांना आत काय आहे त्यापेक्षा ते जास्त आवडतं.

निवृत्त_दर्यावर्दी
वास्कोकर यांनी जागा सांगितली, मी विमानं सांगतो. आयुष्याची बरीच वर्षं नौदलाच्या विमानांच्या देखभालीत गेली त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

सर्वात मोठं जे दिसतं ते सुपर कॉन्स्टेलेशन. चार पंख्यांचं, शेपटीला तीन उभी पाती, अंग माशासारखं वळणदार. हे मुळात एअर इंडियाचं प्रवासी विमान, नाव 'रानी ऑफ एलोरा'. म्हणजे आपल्या वेरूळचीच राणी. एअर इंडियाला जेट मिळाल्यावर ही विमानं हवाई दलाला गेली, तिथे ६ नंबर स्क्वाड्रनने समुद्रावर टेहळणीला वापरली आणि १९७६ ला ती जबाबदारी विमानांसकट नौदलाकडे आली. पोटाखाली रडारचा फुगवटा आहे तो नंतर लावलेला. ज्या विमानातून लोक सुटाबुटात लंडनला गेले त्याच विमानातून पुढे आमच्या लोकांनी तासन् तास खालचं पाणी बघितलं.

सी हॉक. विक्रांतवरचं पहिलं जेट. ४ डिसेंबर १९७१ ला कॉक्स बझारवर हल्ला केला तो यांनीच. याला मागून बघा, शेपटीखाली धूर निघायचं भोक नाही! जेटचा झोत दुभंगून दोन्ही पंखांच्या मुळाशी मागे बाहेर काढलाय. त्यामुळे मागच्या पोटात इंधनाला जागा मिळाली. दहा जणांत एकाच्या लक्षात येतं.

आलिझे. फ्रेंच, पाणबुड्या शोधणारं, पुढे एकच पंखा. याचं इंजिन रोल्स-रॉइस डार्ट, आपल्या अॅव्हरो विमानाला होतं तेच. पोटात रडारचा घुमट होता तो उडताना खाली काढायचा आणि उतरताना आत घ्यायचा. पंख दुमडतात, कारण जहाजाच्या पोटात जागा कमी. आलिझे हळू विमान, पण फार विश्वासू. १९७१ ला एक आलिझे पाकिस्तानी स्टारफायटरने पाडलं, ते तिघे परत आले नाहीत.

सी हॅरियर. हे लहान मुलांना दाखवायचं खास. दोन्ही बाजूला मिळून चार तोंडं आहेत जिथून झोत बाहेर पडतो आणि ती तोंडं फिरतात. खाली केली की विमान जागच्या जागी हवेत उभं राहतं. म्युझियमच्या आत त्याचं पेगासस इंजिनही ठेवलंय, ते आधी बघा आणि मग बाहेर येऊन विमान बघा, म्हणजे उमजतं. २०१६ ला निवृत्त झाली. विराटवर ही उतरताना आवाज असा यायचा की दात हलायचे.

याशिवाय फायरफ्लाय, सीलँड, डव्ह, व्हॅम्पायर, एचटी-२, चेतक, कामोव्ह-२५ अशी मंडळी आहेत. सीलँडकडे लोक ढुंकून बघत नाहीत पण नौदलाच्या हवाई शाखेची सुरुवात तिच्यापासून आहे, १९५३ ला. जमिनीवर आणि पाण्यावर दोन्हीकडे उतरायची.

ठाणे_स्लो
काका _/\_ प्रिंट काढून बरोबर नेतो. सी हॉकचं मागचं भोक हा प्रश्न आता घरी विचारणार आहे.

एक शंका, ते सुपर कॉन्स्टेलेशन पोर्तुगीजांचं आहे का? कुठेतरी वाचलं होतं की १९६१ ला दाबोळीला पोर्तुगीजांची विमानं होती.

वास्कोकर
नाही हो, म्युझियममधलं एअर इंडियाचंच, वर काकांनी सांगितलंय तेच. पण तुम्ही वाचलंय ती गोष्ट वेगळी आणि तीही खरी. १८ डिसेंबर १९६१ ला आपल्या १२ कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले, विंग कमांडर मेनन पुढे होते. इमारतींना हात लावायचा नाही असे आदेश होते, फक्त धावपट्टी. तेव्हा तिथे पोर्तुगीजांची दोन मोठी प्रवासी विमानं होती, त्यातलं एक सुपर कॉन्स्टेलेशन. रात्री अंधारात, धावपट्टीचा जो तुकडा शाबूत होता त्यावरून ती दोन्ही उडाली आणि समुद्रावरून खालून खालून कराचीला गेली. आमच्याकडे जुनी माणसं हे अजून रंगवून सांगतात.

पेठेतला_पक्या
आणि ती कॅनबेरा विमानं उडाली कुठून? लोहगावहून. म्हणजे पुण्याचं नाव इथेही आलंच पाहिजे.

वास्कोकर
घ्या. बॉम्ब पडले आमच्यावर आणि कॉलर ताठ यांची 😂

लोअरपरळ
कॅनबेरा कुठे बघायला मिळेल?

अनुस्वार
बंगलोरला, एचएएल हेरिटेज सेंटर, ओल्ड एअरपोर्ट रोडवर मारथहळ्ळीच्या अलीकडे. २००१ ला सुरू झालंय. कॅनबेरा, मारुत, अजित, किरण, मिग-२१, एचटी-२, शेतीवर औषध फवारायचं बसंत, सगळं एका आवारात. झाडी आहे, सावली आहे, निवांत बघता येतं. कॅनबेरा आपल्याकडे ५० वर्षं उडालं, ११ मे २००७ ला आग्र्याला निरोप. बंगलोरला कोणाकडे ना कोणाकडे आपण जातोच, एक अर्धा दिवस काढा.

ओझरकर
मी नाशिकचा, बाबा एचएएलमध्ये होते म्हणून लिहितो. धागाकर्त्याचा पोरगा मिग-२१ विचारतोय आणि मिग-२१ जिथे बनलं ते ओझर महाराष्ट्रात आहे हे अजून कोणी बोललंच नाही. १९६४ ला कारखाना झाला तोच मुळी मिगसाठी. ढाचा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापूटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला असं काम वाटलेलं. नंतर मिग-२७ पण इथेच, आता सुखोई-३०. पण कारखाना म्हणजे कारखाना, तिकीट काढून आत जायची सोय नाही. आमच्या लहानपणी गणपतीत देखावा मिगचा, स्नेहसंमेलनात नाटकात मिग, वहीच्या मागच्या पानावर मिग. शाळेत असताना विमान आवाज करून गेलं की बाई शिकवायच्या थांबायच्या, आवाज गेला की पुढचं वाक्य.

मला विचाराल तर या जिल्ह्यात एक बऱ्यापैकी मिग म्युझियम नसणं हा कपाळकरंटेपणा आहे. आठशेच्या वर मिग-२१ देशाने वापरली, त्यातली बरीचशी आमच्या ओझरच्या हातची.

नागपुरी_संत्रं
भाऊ तुमचं पुणं नाशिक गोवा सगळं झालं, आम्ही काय करावं? वायुसेना नगर आहे आमच्याकडे, मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, पण आत जाणार कोण सोडते. एअर शो असला का अख्खं नागपूर टेकडीवर चढून बसते, तेव्हा बघा गर्दी. विमानाची हौस कमी नाही आमच्यात.

धावपट्टी
संत्रं भाऊ, नागपूरहून दिल्ली सोपी, रात्री ट्रेनमध्ये बसा की सकाळी पालम. खरं तर या यादीत सगळ्यात श्रीमंत म्युझियम तेच आहे, बाकीच्यांनी राग मानू नये. १९६७ पासून आहे. हँगरमध्ये वापिटी आहे, १ एप्रिल १९३३ ला आपलं हवाई दलाचं पहिलं स्क्वाड्रन उभं राहिलं ते चार वापिटींवर, आणि जगात आख्खं वापिटी आता एवढंच उरलंय. तारा आणि कापडाचं विमान. शेजारी हरिकेन, स्पिटफायर, टेंपेस्ट, लायसँडर, तुफानी, मिस्टेर, नॅट. जपान्यांचं ओहका पण आहे, म्हणजे पुढे स्फोटकं आणि मागे माणूस, परतीचा विषयच नाही. त्याच्यासमोर पोरं पण जरा गप्प होतात.

नॅट बघून बरेच जण हिरमुसतात, 'एवढंसंच?' हो एवढंसंच. साध्या उंचीचा माणूस शेजारी उभा राहिला तर कॉकपिटच्या काठाशी येतो. १९६५ आणि ७१ ला पाकिस्तानच्या सेबर विमानांना याच्या लहानपणाचाच त्रास झाला, दिसायचंच नाही. तसलंच एक आपलं नॅट कराचीच्या म्युझियममध्ये आहे, १९६५ ला पसरूरच्या धावपट्टीवर उतरलं ते त्यांनी ठेवून घेतलं.

बाहेर उघड्यावर मोठी विमानं. लिबरेटर, पॅकेट, अँटोनोव्ह-१२, आणि मिग-२५. मिग-२५ चुकवू नका, ध्वनीच्या जवळजवळ तिप्पट वेगाने जायचं, इतक्या उंचावरून फोटो काढायचं की खालच्याला पत्ता नाही. २००६ पर्यंत बरेलीला होती. आकार बघून कळतं की हे विमान नाही, दोन इंजिनं आहेत आणि त्यांना पंख लावलेत.

टूसॉनची_काकू
लिबरेटरचं नाव वाचलं आणि लिहायलाच बसले. मी अमेरिकेत अॅरिझोनात असते, इथे टूसॉनला पिमा एअर म्युझियम आहे. नवऱ्याला विमानांचं वेड, मला नाही, मी आपली सावली शोधत फिरत होते. एका हँगरमध्ये मोठं बी-२४ लिबरेटर आणि माहितीच्या पाटीवर चक्क इंडियन एअर फोर्स! मग मी पाटी पूर्ण वाचली.

गोष्ट अशी की दुसरं महायुद्ध संपल्यावर कानपूरला ढिगाने लिबरेटर टाकून दिलेली होती, परत उडू नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड केलेली. स्वातंत्र्यानंतर आपल्याला बॉम्बर पाहिजे होते आणि विकत घ्यायला पैसे नव्हते. एचएएलच्या लोकांनी त्या भंगारातून धडधाकट भाग एकत्र करून विमानं उभी केली, आणि एचएएलचे टेस्ट पायलट जिमी मुन्शी ती कानपूरहून बंगलोरला उडवत नेत, तिथे पुढची दुरुस्ती. अशी चाळीसच्या वर केली आणि १९६८ पर्यंत वापरली, जगात सगळ्यात शेवटी लिबरेटर वापरणारे आपणच. त्यामुळे झालं असं की बाकीच्यांनी आपापली कधीच वितळवून टाकली होती आणि चालू स्थितीतली फक्त भारताकडे. मग अमेरिका, इंग्लंड, कॅनडातल्या म्युझियमांनी आपल्याकडून मागून नेली. इंग्लंडच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममधलंही आपलंच.

अमेरिकन म्हातारे त्या विमानाला बघून डोळे पुसत होते आणि मला सांगावंसं वाटत होतं की अहो हे आमच्या कानपूरच्या कचऱ्यातून आलंय.

चहाबिस्कुट
काकू काय भारी! जुगाडाचा बाप.

म्युनिचकर_माने
जर्मनीतूनही हजेरी लावतो. म्युनिचजवळ श्लाइसहाइमला डॉइचेस म्युझियमची विमानांची शाखा आहे, तिथे आपलं मारुत आहे, कुर्ट टँकमुळे जर्मन लोकांना ते आपलं वाटतं. छान पुसून-बिसून ठेवलंय, छताखाली. आधी वरळीचं आणि मग हे बघितलं की कसंसंच होतं एवढंच म्हणतो.

कोकणकडेलोट
धागाकर्ते, गोव्याहून एक दिवस जास्त असेल तर कारवार करा. टागोर बीचवर आयएनएस चपळ ही जुनी बोट म्युझियम म्हणून आहे आणि तिच्या शेजारी आता टीयू-१४२ आणून ठेवलंय. रस्त्यावरून जाताना शेपूट दिसतं, गाडी थांबवावीच लागते.

निवृत्त_दर्यावर्दी
टीयू-१४२ असेल तर नक्की जा. आठच होती आपल्याकडे. १९८८ ला आली ती आधी गोव्यातच होती, दाबोळीला, मग १९९२ ला तामिळनाडूत अरक्कोणमला हलवली. वर लिहिलेल्या सुपर कॉन्स्टेलेशनच्या लांब पल्ल्याच्या टेहळणीचं काम पुढे यांनी केलं. आल्या आल्या मालदीवच्या कारवाईत वापरली. चार इंजिनं आणि प्रत्येक इंजिनाला एकामागे एक असे दोन पंखे, एकमेकांच्या उलट फिरणारे. आवाज विचारू नका, तळावर कोण येतंय ते बघावं लागत नसे. २९ मार्च २०१७ ला सेवा संपली. विशाखापट्टणमला समुद्रकिनाऱ्यावर कुरसुरा पाणबुडीच्या समोरही एक ठेवलंय, त्यात आतून फिरता येतं. वायझॅगला जाणाऱ्यांनी दोन्ही एकाच संध्याकाळी करावं.

सुमीची_आई
एवढं सगळं वाचून एक प्रश्न. आमच्या शहरात (नाव नको) एका चौकात जेट ठेवलंय. कोणतं, कधीचं, कुठे लढलं काही पाटी नाही. पंखावर कबुतरं, नाकावर दर निवडणुकीला नवीन फ्लेक्स बांधलेला. सुमीने विचारलं आई हे कुठलं तर मी काय सांगू? हे असं ठेवण्यापेक्षा नसलेलं बरं असं वाटतं कधी कधी.

लोअरपरळ
+१००. आपल्याकडे विमान आणायचा उत्साह असतो, फीत कापायची असते. रंग मारायला कोणी नसतं. आणि रंग मारतात तेव्हा मारूच नये असं वाटतं, मूळ नंबर, स्क्वाड्रनचं चिन्ह सगळं ऑइलपेंटखाली गडप.

ओझरकर
सुमीची आई, फोटो टाका, इथले लोक पाच मिनिटांत ओळखतील. शेपटीजवळ नंबर दिसत असेल तर तोही, नंबरावरून पुष्कळदा पूर्ण इतिहास निघतो.

आणि मंडळी, मिग-२१ आत्ताच निवृत्त झाली आहेत. संस्था, महापालिका हवाई दलाकडे रीतसर अर्ज करून निवृत्त विमान प्रदर्शनासाठी मागू शकतात. आम्ही काही जण नाशिकमध्ये त्याच्या मागे लागायचं म्हणतोय. पण वर सुमीच्या आईंनी लिहिलं तसं व्हायला नको. काका, उघड्यावर विमान ठेवायचं तर काय काय काळजी घ्यायची?

निवृत्त_दर्यावर्दी
चांगलं विचारलंत. पाऊस पडून वाहून गेला तर फारसा त्रास नाही, साठलेलं पाणी विमान खातं. विमानाच्या पोटाला पाणी निघायला भोकं असतात, ती मातीने आणि रंगाने बुजतात, मग आत तळं होतं. ती वर्षातून दोनदा साफ करायची. इंजिनाची पुढची-मागची तोंडं जाळीने बंद, नाहीतर पक्षी घरटी करतात आणि विष्ठा अॅल्युमिनियमला फार वाईट. चाकांवर वजन ठेवायचं नाही, लोखंडी घोड्यांवर उचलून ठेवायचं, टायर बसले की विमान एका बाजूला कलतं आणि पुढे सांधे ताणतात. कॉकपिटची काच उन्हाने पिवळी पडते, तिला कापडी झाकण. रंग मारायच्या आधी जुने नंबर आणि चिन्हांचे फोटो आणि मापं घेऊन ठेवा, रंग झाला की तेच परत लिहायचे. समुद्राजवळ असेल तर गोड्या पाण्याने धुणं हे सगळ्यात महत्त्वाचं, आम्ही रोज धुवायचो.

आणि शेड. पत्र्याची का होईना, शेड पाहिजे.

ओझरकर
हे सगळं जसंच्या तसं अर्जाला जोडतो. शेडचा खर्च आधी आणि विमान नंतर असंच लिहितो म्हणजे कोणी फीत कापून पळून जायला नको.

ठाणे_स्लो
सगळ्यांचे आभार. बेत असा ठरलाय, या रविवारी वरळी, पुण्यात वॉर मेमोरियल आणि कमला नेहरू पार्क, मग गोवा आणि जमलं तर कारवार. गोव्याला सोमवार टाळून मंगळवारी सकाळी म्युझियम धरलंय. वास्कोकर, दाबोळी स्टेशनवरून रिक्षा मिळते की टॅक्सीच करावी लागते?

वास्कोकर
वास्कोहून बोगमाळोला बस असते पण पोर बरोबर आहे तर टॅक्सीच करा, आणि थांबवून ठेवा, परत जायला तिथे पटकन मिळत नाही. निघताना भाडं आधी ठरवा. आणि मंगळवारी येताय तर कळवा, मी तिकडेच असतो, घोटभर चहा घेऊ.